सह्याद्रीच्या डोहातला जेलीफिश शोधणारे डॉ. आघारकर

लातूर-नांदेडच्या सोयाबीन उत्पादकांना एमएसीएस ११८८ हे वाण ओळखीचे आहे. त्यातली इंग्रजी आद्याक्षरे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेची आहेत. तिचे संस्थापक संचालक डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर. ते मूळचे शेतीतले नव्हते. रानावनात आणि नदीकाठी हिंडणारे अभ्यासक होते.

१८८४ साली मालवणला जन्मलेले आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. शिकवण्याच्या जोडीने ते सह्याद्रीत वनस्पती आणि प्राणी गोळा करत. लातूरला वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून अधिक. त्या पावसावर घाटातले सदाहरित जंगल पोसले जाते. आज जगभरच्या अशा वर्षावनांत संशोधन केंद्रे आहेत. तिथे राहायला खोली असते, सूक्ष्मदर्शक असतो, नमुने नीट ठेवण्याची सोय असते. आघारकरांच्या उमेदीच्या काळात सह्याद्रीत असे केंद्र नव्हते.

याच भटकंतीत १९११च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या खोऱ्यात त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. जेलीफिश हा मुख्यतः समुद्रातला प्राणी. गोड्या पाण्यातला हा गट तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होता. काचेसारखा पारदर्शक, छत्रीच्या आकाराचा, नाण्याएवढा हा जीव उन्हाळ्यात दिसतो. तेव्हा नदीची धार आटून डोह उरलेले असतात. पावसाळ्यात पूर आला की तो दिसेनासा होतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात नेमक्या डोहात निरखून पाहणाऱ्यालाच तो सापडणार होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. इतका नाजूक प्राणी आफ्रिकेत आणि सह्याद्रीत, अशा दोन दूरच्या ठिकाणी कसा, हा प्रश्न त्यामुळे शास्त्रज्ञांपुढे आला.

१९१४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने आघारकरांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले. पुढील अभ्यासासाठी ते जर्मनीत गेले आणि पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन असल्याने त्यांना तिथे स्थानबद्ध केले गेले. सुटकेनंतर त्यांनी अभ्यास पुन्हा हाती घेतला आणि बर्लिनमध्ये ॲडॉल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली १९१९ मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. विषय सह्याद्रीच्या अगदी उलट टोकाचा होता. वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खारट जमिनीवरच्या वनस्पती मुळात आल्या कुठून, आणि त्यांचा प्रसार कसा होतो? काही बिया वाऱ्यावर उडतात, काही जनावरांच्या अंगाला चिकटून दूर जातात. मराठवाड्यात माळावरून फिरून आल्यावर धोतराला लागलेली कुसळे झटकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दीर्घकाळ कलकत्त्यात अध्यापन केले. निवृत्तीनंतर विश्रांती घेण्याचे ते वय. पण १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली आणि साठी ओलांडलेल्या आघारकरांनी संचालकपदाची जबाबदारी घेतली. सुरुवातीला संस्थेला स्वतःची इमारत नव्हती. विधी महाविद्यालयाच्या आवारात काम चाले. तरुणपणी एकट्याने केलेल्या कामाला जो आधार मिळाला नव्हता, तो पुढच्या अभ्यासकांसाठी उभा राहू लागला.

१९६० मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ते संस्थेच्या कामात होते. १९९२ मध्ये संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. आज आघारकर संशोधन संस्थेत सूक्ष्मजीव, बुरशी आणि वनस्पतींवर काम चालते, गहू आणि सोयाबीनची वाणे तयार होतात. यातले एकही सोयाबीनचे वाण त्यांनी पाहिले नाही. मराठवाड्याच्या काळ्या रानात मात्र ती दर मृगात पेरली जातात.