दादासाहेब मावळंकर आणि दहा टक्क्यांचा निवाडा

लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळंकर. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे, जन्म 1888 चा बडोद्यातला, वकिली 1913 पासून अहमदाबादेत. गांधी-पटेलांच्या तालमीतला हा पक्का काँग्रेसवाला आंबेडकरी वाचकाने का अभ्यासावा? कारण बाबासाहेबांच्या संसदीय लढ्याचा मोठा काळ याच माणसाच्या सभापतीपदाखाली गेला.

जुलै 1937 मध्ये मावळंकर मुंबई विधानसभेचे सभापती झाले. त्याच महिन्याच्या 31 तारखेला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपले समाजबांधव दरवर्षी जमतात ते त्याच आठवणीने. सभागृहात बाबासाहेबांसोबत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते, त्यात पूर्व खानदेशचे दौलत गुलाजी जाधव. 17 सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती म्हणजे सभापतींच्याच रत्नागिरीचे दुखणे! काँग्रेस सरकारने त्याला पाठबळ दिले नाही. तो दोष सरकारचा, खुर्चीचा नव्हे.

ऑक्टोबर 1951 मध्ये हिंदू कोड बिलावरून राजीनामा दिलेल्या बाबासाहेबांना आपले निवेदन सभागृहात करू दिले गेले नाही. तेव्हा खुर्चीवर उपसभापती अनंतशयनम अय्यंगार होते. ते पाप मावळंकरांच्या माथी मारणे न्यायाचे नाही, असे आम्ही वकील म्हणून म्हणतो.

15 मे 1952 रोजी शंकरराव मोरे यांचा 394 विरुद्ध 55 मतांनी पराभव करून ते लोकसभेचे सभापती झाले. वारंवार वटहुकूम काढण्याबद्दल त्यांनी नेहरूंना पत्रे लिहून बजावले, मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती 1953 मध्ये नेमली. हे त्यांचे मोठेपण. डिसेंबर 1954 मध्ये त्यांना हटवण्याचा ठरावही आला आणि फेटाळला गेला.

आमचे भांडण आहे ते त्यांच्या एका निवाड्याशी. ज्या पक्षाला एकट्याच्या बळावर गणपूर्ती, म्हणजे एक दशांश सदस्य, जमवता येत नाहीत त्याला अधिकृत विरोधी पक्ष मानायचे नाही, असे त्यांनी ठरवले. कायद्याचा तर्क बिनचूक! पण शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे तेव्हा दोनच खासदार होते, त्यात सोलापूरचे पां. ना. राजभोज. कोट्यवधींचे गाऱ्हाणे दोघांच्या तोंडून यायचे, आणि मोजमाप मात्र डोक्यांचे.

27 फेब्रुवारी 1956 रोजी पदावर असतानाच मावळंकर वारले. 2014 मध्ये 44 खासदारांच्या काँग्रेसला विरोधी पक्षनेतेपद नाकारले गेले, ते याच दहा टक्क्यांच्या आधाराने.