गेऑर्ग ओहम

गेऑर्ग झिमोन ओहम (१६ मार्च, १७८९, एर्लांगेन - ६ जुलै, १८५४, म्युनिक) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ व गणितज्ञ होते. विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांचा संबंध सांगणारा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो.

जीवन व संशोधन

ओहम यांचे वडील कुलुपे बनविणारे कारागीर होते. स्वतः आत्मसात केलेले गणित त्यांनी मुलांना शिकविले. ओहम यांनी १८११ मध्ये एर्लांगेन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली आणि १८१७ पासून कोलोनमधील शाळेत अध्यापन केले.

व्होल्टाच्या विद्युतघटाचा दाब प्रयोग चालू असतानाच बदलत असे. त्यामुळे ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे उष्मयुग्म वापरले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्याने दाब स्थिर राहिला. मग निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी धारा मोजली. त्यातून काढलेला नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. परंतु जर्मनीत त्याची उपेक्षा झाली व ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. १८३३ मध्ये त्यांना न्युर्नबर्ग येथे अध्यापनाचे पद मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद मात्र १८५२ मध्ये, मृत्यूपूर्वी दोनच वर्षे, लाभले.

नियमाचा उपयोग

विभवांतराला धारेने भागल्यास रोध मिळतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे विद्युतशक्ती. माजलगावसह महाराष्ट्रात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने पुरविली जाते. या दाबावर ५ अँपिअर धारा घेणाऱ्या विजेच्या शेगडीचा रोध ४६ ओहम आणि शक्ती १,१५० वॅट असते. रोधाच्या एककाला ओहम हे नाव १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत स्वीकारले गेले.