आपल्या गावचे धुंडिराज

बालमित्रांनो, आपल्या त्र्यंबकेश्वरचं नाव कुणाला ठाऊक नाही? ज्योतिर्लिंग, कुशावर्त, ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदामाई आणि बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ यांमुळे गावाची कीर्ती फार जुनी आहे. पण याच गावात जन्मलेल्या एका मुलाने वेगळ्याच कामाने नाव मिळवले. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. धुंडिराजांना मात्र चित्रकलेचा नाद! म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. पुढे त्यांनी फोटोग्राफी केली, छापखान्याचं काम केलं.

एकदा मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आपल्या रामकृष्णांच्या गोष्टीही अशा पडद्यावर का दिसू नयेत, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग रात्रंदिवस तोच ध्यास. जागरणांनी डोळे इतके बिघडले की दिसेनासं झालं. औषधोपचाराने ते बरे झाले. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले! दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, शिवाय फिल्म धुण्याचं कामही शिकून घेतलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि दादासाहेबांचं नाव झालं. पुढे त्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलवलं. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही कामे केली. ‘कालिया मर्दन’मध्ये दादासाहेबांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

पण दिवस सारखे राहत नाहीत. १९३१ साली बोलपट आले आणि मूकपट मागे पडले. दादासाहेबांनी एकच बोलपट काढला, १९३७ चा ‘गंगावतरण’. हळूहळू लोक त्यांना विसरले. हाती पैसा उरला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

पंचवीस वर्षांनी, १९६९ साली, सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. आता मोठमोठे कलावंत त्यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला की धन्य होतात. ते बघायला दादासाहेब नव्हते.

मित्रांनो, नाव आलं, गेलं, पुन्हा आलं. काम मात्र जागच्या जागी राहिलं. जिवंतपणी ज्याची आठवण राहिली नाही, त्याची आठवण आता आपण ठेवायची. घरी पाहुणे आले की आपण त्यांना देऊळ दाखवतो, कुशावर्तावर नेतो. परत येताना त्यांना आपल्या गावच्या धुंडिराजांची गोष्टही सांगू या.