गाठीचं पाणी तोडणारा डॉक्टर

टॉवर कितीही मजल्यांचा बांधा, पाण्याची लाईन आली नाही तर वस्ती वाढत नाही, हे मीरा-भाईंदरकरांना वेगळं सांगायला नको. कॅन्सरच्या गाठीचंही तसंच असतं, हे ओळखलं डॉ. ज्युडा फोकमन यांनी.

त्यांचा जन्म १९३३ चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. वडील ज्यू धर्मगुरू. त्यांच्याबरोबर आजाऱ्यांना भेटायला जाता जाता मुलाने डॉक्टर व्हायचं ठरवलं. १९६० नंतर नौदलाच्या प्रयोगशाळेत त्यांनी सशाच्या थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यात कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी झाल्या, पण एक-दोन मिलिमीटरवर अडल्या. त्याच उंदरात घातल्यावर झपाट्याने वाढल्या, कारण तिथे नव्या रक्तवाहिन्या गाठीत शिरल्या.

वाहिन्या रोखा, गाठ उपाशी राहील, हा विचार त्यांनी १९७१ मध्ये मांडला. लोक चक्क हसले. त्यांचं भाषण सुरू झालं की श्रोते उठून जात. तरी १९८१ मध्ये बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलातलं मुख्य सर्जनपद सोडून ते संशोधनातच रमले.

आता आपल्या कामाची गोष्ट. १९७४ मध्ये रॉबर्ट लँगर हा केमिकल इंजिनीअर तेल कंपन्यांच्या ऑफर सोडून त्यांच्याकडे आला. पुढे लँगरने मातीतल्या एका जिवाणूच्या हेपॅरिनेज या एन्झाइमवर काम केलं. हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारी, लांब साखळीची साखर. हेपॅरिनेज तिचे तुकडे करतं. रक्तातलं जादा हेपॅरिन काढणारा फिल्टर बनवणं हा मूळ हेतू. पण अशीच साखर पेशींभोवतीही असते आणि वाहिन्या वाढवणारी काही प्रथिनं तिलाच चिकटून असतात. फोकमनच्या लॅबने असं एक प्रथिन हेपॅरिनला चिकटतं म्हणूनच १९८४ मध्ये वेगळं काढलं. १९९४ मध्ये लँगर, राम शशिशेखरन आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भावर दाखवलं, की हेपॅरिनेजने नव्या वाहिन्यांची वाढ रोखता येते.

२००४ मध्ये वाहिन्या रोखणाऱ्या अवास्टिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याने कॅन्सर संपला नाही, रुग्णांना काही महिने जास्त मिळाले. डोळ्याच्या पडद्याच्या आजारांत मात्र अशाच इंजेक्शनांनी अनेकांची नजर टिकते. १४ जानेवारी २००८ ला डेन्व्हर विमानतळावर हृदयविकाराने फोकमन गेले, तेही परिषदेला निघालेले असताना.

तेव्हा प्रोजेक्टचा विषय आपल्या ब्रँचचा नाही म्हणून सोडून देण्याआधी हे दोघे जरूर आठवा.