मेरी ॲनिंग: दगडातले प्राणी शोधणारी मुलगी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, लाइम रीजिस नावाचं एक छोटं गाव आहे. गावाला लागून समुद्र आहे आणि समुद्राला लागून उंच कडे आहेत. या कड्यांमध्ये माती आणि चुनखडीचे थर एकावर एक रचलेले दिसतात. दिवाळीतल्या चिरोट्याला जसे पदर असतात, अगदी तसे. हिवाळ्यात इथे खूप पाऊस पडतो, मोठ्या लाटा कड्यांवर आपटतात आणि दरड कोसळते. मग आतले दगड बाहेर येतात. त्या दगडांत कधी शंख असतात, कधी हाडं असतात. याच गावात २१ मे १७९९ रोजी मेरी ॲनिंगचा जन्म झाला.

मेरीचे बाबा रिचर्ड सुतारकाम करायचे. घरची गरिबी होती. मेरीची बरीच भावंडं लहानपणीच वारली. मोठी झाली ती दोघंच: मेरी आणि तिचा थोरला भाऊ जोसेफ. मेरीसुद्धा एकदा मरता मरता वाचली. ती सव्वा वर्षाची होती तेव्हा एक बाई तिला कडेवर घेऊन झाडाखाली उभी होती. तेवढ्यात वीज पडली. ती बाई आणि तिच्याजवळच्या आणखी दोघी जागच्या जागी गेल्या. मेरी मात्र जगली.

मेरी रोजच्या शाळेत फारशी गेली नाही. चर्चच्या रविवारच्या शाळेत ती लिहायला-वाचायला शिकली. तिची खरी शाळा होती समुद्रकिनारा, आणि तिथले शिक्षक होते तिचे बाबा.

किनाऱ्यावरची शाळा

त्या काळी श्रीमंत लोक हवापालटासाठी लाइम रीजिसला यायचे. त्यांना गंमतीचे दगड विकत घ्यायला आवडायचं. म्हणून रिचर्ड सुट्टीच्या वेळी कड्यांपाशी जाऊन असे दगड शोधायचे आणि दुकानाबाहेर टेबलावर मांडून विकायचे. मेरी आणि जोसेफ त्यांच्याबरोबर जायचे. दगड कुठे शोधायचा, हातोडी कशी मारायची, आतला शंख न फोडता बाहेर कसा काढायचा, हे सगळं बाबांनी मुलांना शिकवलं.

सगळ्यात जास्त सापडायचे ते गोल वेटोळ्यांचे दगड. गावातले लोक त्यांना सापाचे दगड म्हणायचे, कारण ते वेटोळं घालून बसलेल्या सापासारखे दिसतात. पण ते साप नव्हते. ते होते ॲमोनाइट. ॲमोनाइट हा समुद्रात राहणारा प्राणी. त्याचं अंग मऊ आणि त्याभोवती गोल शंख. आज तो पृथ्वीवर कुठेच नाही.

तुमच्या आजीच्या देवघरात काळा, गुळगुळीत शाळिग्राम असेल, तर तो नीट बघा. नेपाळमधल्या गंडकी नदीत मिळणाऱ्या अनेक शाळिग्रामांवर चक्रासारखी खूण असते. ती खूण ॲमोनाइटचीच असते. म्हणजे मेरीला जे प्राणी इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडायचे, त्यांचे नातेवाईक आपल्या देवघरात बसलेले आहेत!

प्राण्याचा दगड कसा होतो?

दगडात जपून राहिलेल्या प्राण्याला किंवा झाडाला आपण जीवाश्म म्हणतो. जीव म्हणजे प्राण असलेलं काहीही, आणि अश्म म्हणजे दगड.

जवळजवळ २० कोटी वर्षांपूर्वी लाइम रीजिसच्या जागी उबदार समुद्र होता. समजा, त्या समुद्रात एक ॲमोनाइट मेला. तो तळाशी गेला. त्याचं मऊ अंग कुजून गेलं, किंवा दुसऱ्या कुणी खाल्लं. कडक शंख तेवढा उरला. त्यावर चिखल बसला. त्या चिखलावर आणखी चिखल बसला. असे हजारो, लाखो वर्षं थर साचत गेले. वरच्या थरांच्या वजनाने खालचा चिखल दाबला गेला आणि त्याचा दगड झाला. चिखलातल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. ते पाणी शंखाच्या बारीक बारीक भोकांत शिरलं आणि आत क्षार साठले. हळूहळू शंखही दगडासारखा झाला. पुढे जमीन वर उचलली गेली, समुद्राचा तळ कडा होऊन उभा राहिला, आणि लाटांनी तो कडा पुन्हा झिजवायला सुरुवात केली.

मेलेल्या प्रत्येक प्राण्याचा जीवाश्म होत नाही. बहुतेक प्राणी कुजून नाहीसे होतात. पटकन चिखलात गाडले गेले, तरच ते टिकतात. म्हणून जीवाश्म सापडणं ही नशिबाची गोष्ट असते. आणि नशिबाबरोबर मेहनतही लागते.

मोठी डोकी, मोठे डोळे

१८१० मध्ये मेरीचे बाबा वारले. त्यांना क्षयरोग झाला होता, आणि त्याआधी ते कड्यावरून पडलेही होते. मेरी तेव्हा ११ वर्षांची होती. बाबांच्या डोक्यावर १२० पौंडांचं कर्ज होतं. त्या काळी ही रक्कम खूप मोठी होती. घर चालवायला चर्चकडून मदत घ्यावी लागली. आता दगड शोधणं ही गंमत राहिली नाही. त्यावर घरातली चूल पेटणार होती.

१८११ मध्ये जोसेफला कड्यात एक मोठी कवटी सापडली. ती चार फूट लांब होती! लांब जबडा, खूप दात आणि केवढेतरी मोठे डोळे. लोकांना वाटलं, ही मगर असणार. पण बाकीचं शरीर कुठे होतं? जोसेफ दुसऱ्या कामाला लागला होता. मेरी मात्र शोधत राहिली. जवळजवळ एका वर्षाने, १८१२ मध्ये, तिला बाकीची हाडं सापडली. मजुरांनी ती खणून काढली.

ती मगर नव्हती. माशासारखं पोहणारा तो एक सरपटणारा प्राणी होता. पुढे त्याला इक्थिओसॉर हे नाव मिळालं. याचा अर्थ मासा-सरडा. ॲनिंग कुटुंबाला त्याचे २३ पौंड मिळाले. त्याची कवटी आजही लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.

त्या काळी बहुतेक लोकांना वाटायचं, की पृथ्वीवरचा कुठलाही प्राणी कायमचा नाहीसा होऊच शकत नाही. मेरीच्या दगडांमुळे त्यांना विचार करावा लागला. असा प्राणी आज कुठेच दिसत नाही, मग तो गेला कुठे?

मेरी खोटी होती का?

१८२३ मध्ये मेरीला आणखी मोठं नवल सापडलं. लहानसं डोकं, चार वल्ह्यांसारखे पाय आणि लांबच लांब मान! हा होता प्लेसिओसॉर. त्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा त्याआधी कुणीच पाहिला नव्हता.

फ्रान्समध्ये जॉर्ज क्यूव्हिए नावाचे फार मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांनी या सांगाड्याचं चित्र पाहिलं आणि त्यांना शंका आली. एवढी लांब मान असूच शकत नाही, कुणीतरी दोन वेगळ्या प्राण्यांची हाडं जोडली असणार, असं त्यांना वाटलं.

विचार करा, मेरीवर केवढं संकट आलं! ती खोटे जीवाश्म विकते असं ठरलं असतं, तर पुन्हा कुणी तिच्याकडून काही घेतलं नसतं. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत या सांगाड्यावर चर्चा झाली. सांगाडा खरा ठरला. क्यूव्हिए यांनीही आपली चूक मान्य केली.

पण त्या सभेत मेरी नव्हती. तिथे स्त्रियांना प्रवेशच नव्हता. सांगाड्याबद्दल बोलले ते विल्यम कॉनिबेअर, आणि त्यांनी मेरीचं नावसुद्धा घेतलं नाही. असं नेहमीच व्हायचं. मेरी उन्हापावसात हाडं शोधायची, साफ करायची, जुळवायची. श्रीमंत लोक ती विकत घ्यायचे, त्यांवर लेख लिहायचे, आणि नाव त्यांचं व्हायचं. मेरीला याचं वाईट वाटायचं.

तरी ती शिकत राहिली. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसायचे, म्हणून ती शास्त्रज्ञांचे लेख हाताने उतरवून काढायची, त्यातली चित्रंसुद्धा. हाडांची रचना कळावी म्हणून ती मासे कापून बघायची. हळूहळू मोठमोठे शास्त्रज्ञ तिला भेटायला लाइम रीजिसला येऊ लागले.

दगडातली शी आणि उडणारा सरडा

किनाऱ्यावर काही विचित्र दगड मिळायचे. ते काय आहेत हे कुणालाच कळत नव्हतं. मेरीच्या लक्षात आलं, की इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी असे दगड असतात. तिने ते फोडून पाहिले. आत माशांची हाडं आणि खवले! विल्यम बकलंड या शास्त्रज्ञांनी तिच्या या निरीक्षणांच्या मदतीने शोधून काढलं, की हे दगड म्हणजे प्राण्यांची शी आहे. हो, शी! तिचाही जीवाश्म होतो. ती बघून शास्त्रज्ञांना कळतं, की कोण कुणाला खात होतं.

१८२८ मध्ये मेरीला पंख असलेल्या, उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा सापडला. असे प्राणी, म्हणजे टेरोसॉर, तोपर्यंत फक्त जर्मनीत सापडले होते.

हे काम धोक्याचं होतं. मेरीचा ट्रे नावाचा एक कुत्रा होता. तो नेहमी तिच्याबरोबर असायचा. १८३३ मध्ये अचानक दरड कोसळली आणि ट्रे तिच्या डोळ्यांसमोर दगडांखाली गेला. मेरी थोडक्यात वाचली. त्या दुःखातून सावरून ती पुन्हा कड्यांपाशी गेली.

शेवटी नाव झालं

९ मार्च १८४७ रोजी मेरी वारली. तिला कर्करोग झाला होता. ती फक्त ४७ वर्षांची होती. ज्या जिऑलॉजिकल सोसायटीत तिला कधी पाऊल टाकता आलं नाही, तिथेच अध्यक्षांनी तिला आदराने श्रद्धांजली वाहिली. सोसायटीच्या सभासदांनी गावातल्या चर्चमध्ये तिच्या आठवणीसाठी रंगीत काचेची खिडकी बसवली. पण स्त्रियांना सभासद करून घ्यायला या सोसायटीला १९१९ साल उजाडलं.

२०२२ मध्ये लाइम रीजिसला मेरीचा पुतळा उभा राहिला. त्यासाठी एका शाळकरी मुलीने मोहीम सुरू केली होती. पुतळ्यात मेरी समुद्राकडे चालली आहे, आणि ट्रे तिच्याबरोबर आहे.

करून पाहा

आई-बाबांच्या मदतीने एका वाटीत मऊ चिकणमाती थापा. तिच्यावर शिंपला दाबा आणि अलगद उचला. मातीत शिंपल्याचा ठसा उमटेल. हा झाला साचा. आता प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून त्यात ओता. वाळल्यावर माती सोडवा. तुमच्या हातात शिंपल्याचा 'दगड' येईल. काही खरे जीवाश्मही असेच होतात: शंख विरघळून जातो, आणि त्याच्या रिकाम्या जागेत क्षार भरतात.

सांगा पाहू

१. मऊ अंगापेक्षा शंख आणि हाडं यांचे जीवाश्म जास्त का सापडतात?
२. क्यूव्हिए यांना कसली शंका आली?
३. दगडातल्या शीवरून शास्त्रज्ञांना काय कळतं?
४. मेरीचं नाव लेखांमध्ये का येत नसे? तुम्हाला ते बरोबर वाटतं का? घरी आई-बाबांशी मराठीत बोला आणि चार ओळी लिहा.