टाकून दिलेल्यांचे धर्मगुरू : संत जोसेफ वाझ



कसारा स्टेशनवर शेवटची लोकल रिकामी झाली तरी काही माणसे फलाटावरच राहतात. त्यांना जेवण न्यावे, असे आपल्यातले काही जण म्हणतात. आजार जडेल, अशी भीती इतरांना वाटते. अशा वेळी मला संत जोसेफ वाझ आठवतात.

त्यांचा जन्म १६५१ साली गोव्यात बाणावलीला झाला. श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. म्हणून १६८७ साली फादर वाझ मजुराच्या वेशात जाफन्याला उतरले. गळ्यात रोझरीची माळ घालून ते दारोदार भीक मागत. ज्या घरी माळेची ओळख पटे, ते घर आपल्या लोकांचे! पुढे १६९२ साली कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले.

त्याच कँडीत १६९७ साली देवीची साथ आली. राजा आणि श्रीमंत लोक शहर सोडून गेले. घरच्यांनीच रोग्यांना रानात, रस्त्यावर टाकले. फादर वाझ आणि फादर जोसेफ कार्व्हाल्यो मात्र तिथेच थांबले. त्यांनी रोग्यांना शोधले, झोपड्या बांधून निवारा दिला, अन्नपाणी व औषध दिले, मेलेल्यांना स्वतः पुरले. ख्रिस्ती की बौद्ध, हे पाहिले नाही. आधी जेवण की आधी धर्म, यावर आम्ही सेमिनरीत तासन्‌तास वाद घातला. त्यांना तेवढी सवड नव्हती.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांना देवाज्ञा झाली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले.