ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

गोव्यातील मराठीचा इतिहास सांगायला बसलो की आम्हाला एका इंग्रज माणसाचे नाव घ्यावे लागते. देव माणूस होऊन पृथ्वीवर आला, ही ख्रिस्ती धर्माची मूळ श्रद्धा त्याने मराठी ओवीत सांगितली. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. आमच्यापैकी अनेकांनी शाळेत त्याने केलेल्या मराठीच्या स्तुतीविषयी ऐकलेले असते, पण तो ग्रंथ कशाविषयी आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. पुढे इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक पंथाच्या लोकांवर कडक निर्बंध होते. आपला धर्म उघडपणे पाळता यावा म्हणून स्टीफन्स यांनी देश सोडला आणि १५७५ मध्ये रोम येथे ते जेझुइट संघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसून आफ्रिकेला वळसा घालत ते ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे पत्र त्यांनी वडिलांना लिहिले आणि ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. मायदेशी मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत. पुढची चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः सासष्टीत काढली.

ती सासष्टी कशी होती हे सांगितल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही. ते येण्याआधी बाराएक वर्षांपूर्वी, १५६७ च्या सुमारास, पोर्तुगीज सत्तेने तिथली शेकडो देवळे पाडली होती. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली होती आणि कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे अंत्रुज महालात गेला होता. ज्यांना जाणे जमले नाही, त्यांतल्या अनेकांवर धर्म बदलण्याची पाळी आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार मारले, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या गावकारांचे प्राण घेतले गेले. धर्मासाठी स्वतःचा देश सोडलेला हा माणूस, दुसऱ्यांचा धर्म मोडणाऱ्या राजवटीच्या आश्रयाने काम करत होता. हा विरोध आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही.

इथेच त्यांनी लोकांची भाषा शिकायला घेतली. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी असल्याचे नोंदवले. युरोपियन माणसाने केलेली अशा प्रकारची ही फार जुनी नोंद आहे. रोजच्या बोलण्याची भाषा म्हणून त्यांनी कोकणीचे व्याकरण रचले आणि ख्रिस्ती शिकवणीची प्रश्नोत्तरीही कोकणीत लिहिली. पुराणासाठी मात्र त्यांनी मराठी निवडली, कारण पोथी, पुराण आणि कीर्तन लोक मराठीतूनच ऐकत आले होते. त्यात त्यांनी कोकणीतील अनेक शब्द मिसळले.

पुराण लिहिण्याचे कारण ग्रंथाच्या आरंभीच येते. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला सांगतो की मुलांना शिकवता ते ठीक, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी मोठ्यांनी वाचायला दुसरे काही द्या. या मागणीत केवढी पोकळी आहे, हे आम्हा मराठी वाचकांना सांगायला नको. ख्रिस्तपुराण हे त्या मागणीला दिलेले उत्तर आहे.

या ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षकच आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयी आहे. हिब्रू भाषेतील मसीहा आणि ग्रीकमधील ख्रिस्त या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, अभिषेक झालेला. यहुदी लोक शतकानुशतके त्याची वाट पाहत होते. तो येशूच, आणि तो केवळ देवाने पाठवलेला माणूस नसून स्वतः देव आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात. इ. स. ३२५ मध्ये निकाइया येथील धर्मसभेने पुत्र हा पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असे ठरवले. ४५१ मध्ये कॅल्सेडॉनच्या सभेने येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, दोन्ही स्वभाव एकाच व्यक्तीत आहेत, असा सिद्धान्त मांडला.

हे मराठीत सांगणे सोपेही होते आणि अवघडही. सोपे अशासाठी की देव देह धरून येतो ही गोष्ट इथल्या श्रोत्याला नवी नव्हती. देवाचे दुःखही त्याला नवे नव्हते. आपला राम सीतेसाठी रडतो आणि कृष्ण व्याधाच्या बाणाने देह ठेवतो. अवघड अशासाठी की ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव युगायुगात पुन्हा पुन्हा येत नाही. तो एकदाच आला, रोमन सत्तेच्या काळात, एका सुताराच्या घरी वाढला, आणि क्रुसावरचे त्याचे मरण हेच माणसांच्या तारणाचे साधन ठरले. दुष्टांना मारण्यासाठी आलेला देव श्रोत्यांना माहीत होता. स्टीफन्स यांना दुष्टांच्या हातून मरणारा आणि त्यांनाच क्षमा करणारा देव सांगायचा होता.

त्यांनी हे काम ग्रंथाच्या रचनेतून केले. पहिल्या पुराणाच्या छत्तीस अध्यायांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा येते. आदामाची चूक, राजे, संदेष्टे आणि लांबत गेलेली वाट पाहणे हे सारे ऐकल्यावरच श्रोता दुसऱ्या पुराणातील येशूच्या जन्मापर्यंत पोहोचतो. त्यामुळे हा जन्म एकदाच घडणारा का, हे वेगळे समजावावे लागत नाही. एकोणसाठ अध्यायांच्या दुसऱ्या पुराणात त्याचे जीवन, मरण आणि पुनरुत्थान येते. एकूण ओव्या सुमारे अकरा हजार. देवाला ते परमेश्वर म्हणतात आणि स्वर्गाला वैकुंठ. पण पवित्र आत्म्यासारख्या कल्पनेसाठी त्यांनी युरोपीय शब्दच ठेवला. जिथे मराठी शब्दाने अर्थ बदलेल अशी भीती वाटली, तिथे ते थांबले.

ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. स्थानिक लिपीत छपाई व्हावी अशी त्यांची इच्छा होती आणि १६०८ मध्ये त्यांनी वरिष्ठांना तसे लिहिलेही, पण ते घडले नाही. १६१९ मध्ये ते गोव्यातच वारले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्हींपैकी एकही छापील प्रत उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, तरी हस्तलिखितांतून आणि गाण्यातून ग्रंथ टिकला. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो जपला आणि १९०७ मध्ये मंगळूरलाच तो पुन्हा छापला गेला. देवनागरीतील आवृत्ती पुण्यात १९५६ मध्ये निघाली. स्टीफन्स यांची इच्छा पुरी व्हायला साडेतीनशे वर्षे लागली.

हा ग्रंथ आपला मानायचा की नाही, असा प्रश्न आमच्या बैठकींत अधूनमधून निघतो. ज्यांच्या पूर्वजांनी रात्रीच्या अंधारात देव होडीतून पलीकडे नेले, त्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. आम्हाला असे वाटते की पाडलेली देवळे विसरायचे कारण नाही आणि हा ग्रंथ दूर ठेवायचेही कारण नाही. सासष्टीतील ज्या लोकांकडून त्यांची पुराणे काढून घेतली गेली, त्यांनी या ओव्या पिढ्यानपिढ्या म्हटल्या. त्या म्हणताना त्यांच्या तोंडी नवी श्रद्धा होती आणि जुनी मराठी होती. ते लोकही आमचेच होते.